डाव्या कुशीवरचं शहर

पुण्याला कायमचं राहायला जायचं ठरलं, तेव्हा आक्कानं बाकी काहीच विचारलं नाही. पाणी किती वाजता येतं, दवाखाना किती लांब, बाजार कुठल्या वारी भरतो, यातलं काही नाही. कनवटीचा अडकित्ता चाचपत ती एवढंच म्हणाली, "तिथं झोप लागंल न्हवं?"

चारुशीलाला तेव्हा हसू आलं होतं. पुण्याच्या सरकारी केंद्रात पोचल्यावर कळलं, की सरकारलाही नेमका तोच प्रश्न पडला होता.

आक्का म्हणजे रत्नप्रभा, चारुशीलाची थोरली नणंद. लग्न होऊन वर्षभरात ती इचलकरंजीला माहेरी परत आली, ती पुन्हा गेली नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि चारुशीलानं कधी विचारलं नाही. पुढं चारुशीलाचा नवरा ऐन चाळिशीच्या आत गेला. घरात उरल्या दोन बायका, आणि तळमजल्यावर चार यंत्रमाग. माग विकावेत असं सगळ्यांनी सुचवलं. आक्का म्हणाली, "विकून खायचं काय, पैसं? पैसं संपत्यात. कापड संपत न्हाई." त्या दिवसापासून दोघींनी माग चालवले, ते अगदी अलीकडं सगळी गल्लीच भंगारात निघेपर्यंत.

माग चालू असताना माणूस झोपतो कसा, असं बाहेरगावचे पाहुणे विचारायचे. इचलकरंजीत सगळं उलटं होतं. खटखट चालू असली की लेकरं पाळण्यात गाढ झोपायची. वीज गेली, माग थांबले, की गल्लीतली झोपलेली सगळी माणसं दचकून उठून बसायची. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, हे त्या गावाच्या हाडात होतं.

दुपारी जेवणं झाली, की दोघींपैकी एक मागांच्या पलीकडं चटई टाकून डाव्या कुशीवर आडवी व्हायची. अर्धा तास. दुसरी स्टुलावर बसून ऐकायची. बघायची नव्हे, ऐकायची. सूत तुटलं, आडवं सूत इकडून तिकडं नेणारा धोटा अडखळला, की आवाज बदलतो, आणि तो डोळ्यांच्या आधी कानाला कळतो. मग जागा बदलायच्या, झोपलेलीनं उठायचं, बसलेलीनं लवंडायचं. लवंडणारीला बसणारी दर वेळी एकच वाक्य म्हणायची. आक्का कोल्हापूरकडच्या बायकांच्या रीतीनं स्वतःला 'जातो, येतो' म्हणायची. तिचं वाक्य असायचं, "झोप तू, मी ऐकतो." चारुशीला बार्शीची. ती म्हणायची, "झोपा तुम्ही, मी ऐकते." तीसेक वर्षं रोज. इतक्या वेळा, की ते वाक्य आता म्हटलं जायचं, ऐकलं जायचं नाही.

एकदा मात्र चारुशीलाला स्टुलावर डुलकी लागली. धोट्याचा आवाज बदलला तो तिला कळला नाही. टोकदार पितळी तोंडाचा तो लाकडी धोटा मागातून सुटून गोळीसारखा उडाला आणि चटईवरच्या आक्काच्या भुवईवर बसला. आठ टाके पडले. आक्का त्यावर पुढं एक शब्द बोलली नाही. तिची भुवई तिथं आजही तुटलेली आहे. कुंकू लावताना आक्का आरशात बघते, तेव्हा चारुशीला दुसरीकडं बघते.

---

पंचगंगेची पूररेषा दर दोन-तीन वर्षांनी वर सरकत होती. शेवटी ती त्यांच्या घराच्या माळ्यावरून गेली. नकाशात घर नदीत आलं. मग अशा घरांतल्या म्हाताऱ्यांना मोठ्या शहरात नवी जागा द्यायची योजना निघाली, आणि सामानाच्या सहा पेट्या घेऊन दोघी पुण्यातल्या निवास-निवड केंद्रात येऊन दाखल झाल्या. केंद्र मुद्दाम टेकडीवर बांधलं होतं. पूर पाहिलेल्या माणसांच्या नजरेला तिथं नदी पडत नसे.

केंद्रातली केतकी रणपिसे ही झोपेची डॉक्टर. पस्तिशीची, सडपातळ, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करणारी. तिनं दोघींना समोर बसवून सगळं नीट समजावलं.

"आजी, पहिल्या दोन वर्षांत आम्ही लोकांना चांगली घरं दिली. उजेडाची, लिफ्टची. वर्षाच्या आत निम्मे लोक परत गेले. गेले म्हणजे पुन्हा पुराच्या गावात गेले, पण गेले. विचारलं तर प्रत्येकाचं एकच म्हणणं, झोप लागत नाही."

मग तिनं मेंदूबद्दल सांगितलं. माणूस परक्या जागी झोपला, की त्याच्या मेंदूचा एक भाग पुरता झोपत नाही. उजवी बाजू खोल जाते, डावी बहुधा वरवर तरंगत राहते, कुठं खुट्ट झालं की उठवायला. हे शास्त्रज्ञांना फार जुनं ठाऊक आहे. नवीन जागी पहिल्या रात्री आपण शिणल्यासारखे उठतो, ते यामुळं. जागा सवयीची झाली की हा राखणदारही झोपतो. पण काही माणसांचा राखणदार काही जागी कधीच झोपत नाही. दोन महिने, सहा महिने, वर्ष. माणूस रात्रभर अर्धा जागा राहतो, विसरायला लागतो, चिडचिडा होतो, आजारी पडतो. त्याला वाटतं आपल्याला गावाची आठवण येतेय.

"आणि तुम्ही ते आधीच ओळखता?" चारुशीलानं विचारलं.

"तेच नवीन आहे." केतकीचं टोपण थांबलं. "शहरातल्या प्रत्येक वस्तीत आम्ही वर्षभर आवाज टिपले. वास टिपले. रस्त्यावरून बस गेली की जमीन किती थरथरते तेसुद्धा. आता त्या वस्तीची दुपार आम्ही एका खोलीत जशीच्या तशी उभी करतो. तुम्ही टोपी घालून तिथं फक्त झोपायचं. पडद्यावर दोन रेषा असतात, मेंदूच्या दोन बाजूंच्या. दोन्ही एकत्र खाली बुडाल्या, की ती वस्ती तुमची. एक वर राहिली, तर नाही."

"जनावरांचं पण असंच असतंय का?" आक्कानं विचारलं.

"असतं ना. बदकं ओळीनं झोपतात, तेव्हा मधली दोन्ही डोळे मिटतात. कडेचं बदक एक डोळा उघडा ठेवतं. अर्धा मेंदू जागा."

"शाणं हाय," आक्का म्हणाली आणि सुपारी कातरायला लागली.

अर्ज भरताना पहिली अडचण आली. केतकीनं विचारलं, "दोघींचं नातं?"

"नणंद-भावजय."

केतकीनं पडद्यावर वर-खाली बोट फिरवलं. पती-पत्नी होतं, आई-मुलगी होतं, बहिणी होत्या. "हे नाहीये इथं. 'इतर' लिहू?"

"इतर म्हंजे काय? मी काय भाडेकरू हाय व्हय हिची?"

केतकी हसली, पण पुढचं तिनं जपून सांगितलं. आधी नात्यावरून घर द्यायचे, त्यात एकाची झोप लागायची आणि दुसरा आजारी पडायचा. म्हणून आता नियम असा, की दोघींचा निकाल एकाच वस्तीचा आला तर मिळून दोन खोल्यांचं घर. वेगवेगळा आला, तर प्रत्येकीला आपापल्या वस्तीत एक खोली.

अडकित्ता थांबला. मग पुन्हा चालू झाला.

---

पहिली दुपार भवानी पेठेची होती. शेजारशेजारच्या दोन खोल्या, दोघींना एक-एक. दारं शीतगृहासारखी जाड. बंद झाली की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. चारुशीला डाव्या कुशीवर वळली आणि तिच्याभोवती भवानी पेठ हळूहळू उजाडली. कापलेल्या सागवानाचा वास आला. कुठंतरी पत्रा ठोकला जात होता, हातगाडीचं चाक करकरत होतं, कुणी कुणाला लांबून शिव्या देत होतं, प्रेमानंच.

तिला स्वप्न पडलं. पेठेतले रस्ते कापडाचे होते, नुकतेच मागावरून उतरलेले, अजून गरम. ती त्यावरून अनवाणी चालत होती आणि दोन्ही बाजूंची घरं म्हणजे त्या कापडाचे काठ होते. पण रस्त्याच्या मधोमध एक धागा सुटलेला होता. तो कुठवर सुटलाय हे बघायला ती वाकली, आणि जागी झाली.

एक रेषा खाली गेली होती. दुसरी दुपारभर वरच होती. आक्काचंही तेच.

"मला तर वाटलं होतं, तुम्हा दोघींना ठोकाठोकीत हमखास झोप लागेल," केतकी म्हणाली. "म्हणून मुद्दाम ही वस्ती पहिली ठेवली."

"ठोकणं आन विणणं एक असतंय व्हय, बाई?" आक्का म्हणाली.

दुसरी दुपार खडकीची. मोठाल्या झाडांची सळसळ, भट्टीतून निघालेल्या पावाचा वास, लष्कराच्या आवारातून आलेली बिगुलाची लांबट हाक. चारुशीलाला स्वप्नात बार्शीची शाळा दिसली. शाळेत वर्गांऐवजी गल्ल्या होत्या, आणि बाई हजेरी घेताना मुलींची नावं न घेता पेठांची नावं घेत होत्या. 'हजर' म्हणायची आपली पाळी चुकेल या धास्तीनं ती झोपेतही कान देऊन होती. रेषा वरच राहिली. शेजारच्या खोलीत आक्काचीही.

संध्याकाळी टेकडीवरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. खाली शहराचे दिवे एकेक करून लागत होते, जसं कुणी अंधारात चाचपडत एकेक बटण दाबत यावं.

"आपल्या टकुऱ्यातला राखणदार लई इमानदार हाय गं," आक्का म्हणाली. "पगार न्हाई, सुट्टी न्हाई."

"नाहीच लागली कुठं झोप, तर?"

"तर काय, पेंगत मरू." आणि आक्कानं तिच्या हातावर सुपारीची खांडं ठेवली.

तिसऱ्या दुपारी आक्काच्या कपाळावर टोपीतल्या चिकट औषधानं पुरळ उठलं. तिला एक दिवसाची सूट मिळाली. चारुशीला एकटीच खोलीत गेली. आक्का मागोमाग आली, चादरीचं टोक ओढून सरळ केलं, "झोप तू, मी ऐकतो," म्हणाली आणि बाहेर गेली. दार लागलं. बावधनची दुपार सुरू झाली.

तिथं फारसं काही नव्हतंच. डोंगराच्या बाजूनं येणारा वारा, लांब एखादा मोर, कुणाच्या तरी गच्चीत वाळत घातलेल्या कापडाची फडफड. चारुशीला खाली गेली. पायऱ्या उतरावं तशी, आणि पायऱ्या संपल्या तरी उतरतच राहिली. स्वप्नात चारही माग डोंगरावर मांडलेले होते आणि आपले आपण चालत होते. त्यातून डोंगरच विणला जात होता, हिरवा, आखूड पोताचा. तिचा नवरा एका मागाला टेकून उभा होता, तरुण, विडी न ओढता. तिनं विचारलं, आवाज बरोबर येतोय ना? तो म्हणाला, तुला काय करायचंय? आणि तिला खरोखरच काही करायचं नव्हतं.

तिला हलवून उठवावं लागलं. केतकी पडदा घेऊनच आत आली होती. दोन्ही रेषा तळाला होत्या, दोन धागे एकत्र ओवल्यासारख्या. "आजी, अशी झोप मी या वयात पाहिली नाही कुणाची. बावधन तुमचं घर."

आक्का दारात होती. "सूत जुळलं म्हण की," एवढंच म्हणाली.

चौथी दुपार आक्काची राहिलेली चाचणी. वस्त्या ठरल्या क्रमानं लागत, झालेली पुन्हा लागत नसे, म्हणून आज हडपसर. चारुशीलाची वस्ती ठरलेली, तिला काही काम नव्हतं. ती व्हरांड्यातली खुर्ची आक्काच्या दारासमोर ओढून, कापूस घेऊन वाती वळत बसली. दार लागायच्या आधी आक्कानं उशीवरून मान उचलून बघितलं.

"हायस न्हवं?"

"आहे."

दार लागलं. पाऊण तासानं केतकी बाहेर आली, ती हसतच. आक्काच्या दोन्ही रेषा तळाला गेल्या होत्या. हडपसर.

मग तिचं हसू हळूहळू मावळलं, कारण नकाशा तिच्याही डोळ्यांपुढं आला असावा. बावधन शहराच्या या टोकाला, हडपसर त्या टोकाला.

---

सह्या शुक्रवारी करायच्या होत्या. मधल्या दोन दिवसांत आक्का एकदाही भांडली नाही. चारुशीलाला याचीच भीती वाटली. चहात साखर जास्त पडली, आक्का प्याली. खिडकी उघडी राहिली, आक्कानं स्वतः उठून लावली.

चारुशीला मनाशी एकच हिशेब मांडत होती, आणि तो दर वेळी तिच्या विरुद्धच लागत होता. आक्का आयुष्यात पहिल्यांदा पुरती झोपली, ती आपण शेजारी नसताना, जाड दाराच्या आत. आपण शेजारी असताना तिनं काय मिळवलं? कपाळावर आठ टाके. आता कुठं तिला झोप मिळतेय, तर आपण पदर धरून आडवं यायचं? माणसानं एवढं हावरं असू नये.

गुरुवारी त्यांनी सहा पेट्या उघडून वाटण्या केल्या. तवा आक्काला, परात चारुशीलाला. पाटा कुणालाच नको होता, दोघींनाही उचलत नव्हता. तळाशी धोटा निघाला. माग भंगारात गेले तेव्हा एवढा एकच ठेवला होता. लाकूड हातांनी तेलकट, गुळगुळीत झालेलं, पितळी टोकं अजून लखलखीत.

"तू ठेव," आक्का म्हणाली.

"नको. तुम्हीच ठेवा."

"माझ्याकडं काय आठवण कमी हाय?" आक्का भुवईला हात लावून हसली. ती थट्टा होती. चारुशीला उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

शुक्रवारी सकाळी एक कारकून दोघींसमोर बसून करारातली कलमं मोठ्यानं वाचायला लागला. तसा नियमच होता. एकोणचाळीस कलमं. त्याचा आवाज एका सुरात, न चढणारा न उतरणारा, दुपारच्या मागासारखा. चारुशीला दोन दिवस झोपली नव्हती. नवव्या-दहाव्या कलमाला तिची मान डुलली.

आक्कानं तिला कोपरानं ढोसलं. "मिट की डोळं. झोप तू, मी ऐकतो."

आणि चारुशीलाचं सगळं अंग सैल झालं. आधी खांदे, मग जबडा, मग कानांच्या मागं कुठंतरी, जिथं गेले दोन दिवस कुणीतरी काठी आपटत फिरत होतं, तिथंही. कुणीतरी आत दिवा मालवून निघून गेलं. ती डोंगराच्या त्याच पायऱ्यांवरून खाली उतरायला लागली, तोच वारा, तीच फडफड. चौथ्या की पाचव्या पायरीवर ती थबकली. इथं डोंगर कुठून आला? इथं तर कलमं चाललीत.

तिनं डोळे उघडले.

"थांबा," ती कारकुनाला म्हणाली. "केतकीबाईंना बोलवा."

केतकी आली. चारुशीलानं विचारलं, "त्या दिवशी मी बावधनमध्ये झोपले, तेव्हा या कुठं होत्या?"

"बाहेर. तुमच्या दारापाशी. मी म्हटलं कॅंटीनला जा, तर गेल्या नाहीत. सुपारी कातरत बसल्या होत्या."

"आणि यांच्या वेळी मी बाहेर होते. पहिले दोन दिवस आम्ही दोघी एकाच वेळी झोपलो. बाई, आम्ही दोघी एकाच वेळी कधी झोपतच नाही. दुपारी तर नाहीच. एक झोपली की दुसरी ऐकते."

केतकीनं मान हलवली. "पण आजी, दार बंद असताना तुम्हाला बाहेरचं काही ऐकू येत नाही. अडकित्तासुद्धा नाही. मी स्वतः तपासलंय."

"ऐकू कशाला यायला पाहिजे? बसलीय हे माहीत असलं की झालं."

केतकी काही क्षण टोपण उघडझाप करत राहिली. मग हळूच म्हणाली, "कडेचं बदक."

"कोण बदक?" आक्का म्हणाली.

त्या दुपारी केतकीनं नियमात नसलेली गोष्ट केली. चारुशीलाला पुन्हा भवानी पेठेत झोपवलं, त्याच ठोकाठोकीत, आणि आक्काला दाराबाहेर खुर्ची दिली. दोन्ही रेषा बुडाल्या. मग आक्काला खडकीत, बाहेर चारुशीला. बुडाल्या. केतकीला आता चेव आला होता. तिनं यंत्रातली सगळ्यांत वाईट दुपार काढली, स्वारगेटच्या चौकातली, मे महिन्यातली, भोंग्यांसकट. आक्का तिच्यातही घोरली.

केतकी अर्ज घेऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता आणि थोडी लाजही. "मी गेल्या दोन वर्षांत किती जणांना एकेकट्या खोलीत झोपवलं असेल," ती स्वतःशीच म्हणाली. मग वर बघून, "पण आता यात लिहू काय? यंत्राला वस्तीचं नाव हवंय. कुठं झोप लागते, त्या रकान्यात."

"नणंद लिवा," आक्का म्हणाली.

---

दोघी मिळून असल्या तर कुठलीही वस्ती चालणार म्हटल्यावर यंत्रानं हात टेकले, आणि वस्ती निवडायची जुनीच रीत उरली. दोघी तीन दिवस बसनं शहरभर फिरल्या. इचलकरंजीत न विचारलेले सगळे प्रश्न आक्कानं आता विचारून घेतले. पाणी किती वाजता? भाजीवाली घासाघीस करू देते का? बावधनमध्ये मोर होता, पण रस्त्यावर माणूस नव्हतं. आक्का म्हणाली, मोराशी काय बोलू? हडपसरला माणसं होती, पण सगळी कुठंतरी निघालेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास त्या खडकीच्या एका गल्लीत शिरल्या. सगळी दारं लोटलेली. पंख्यांची घरघर. चिंचेखाली एक कुत्रं पाय ताणून पडलेलं. आणि एका पायरीवर एक जाडसर बाई मांडीवर परात घेऊन गहू निवडत बसली होती, एकटीच.

"कुणाकडं?" तिनं हटकलं. खालच्या आवाजात, पण हटकलंच.

"घर बघायला आलोय," चारुशीला म्हणाली.

"मग हळू बोला. सगळे झोपलेत." बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि परातीकडं बोट केलं. "बसा. दोन हात लागले तर माझंही लवकर होईल."

आक्का चारुशीलाकडं बघत खाली बसली, आणि गहू निवडायला लागली. घर त्यांनी आतून बघितलं ते त्यानंतर तासाभरानं.

राहायला आल्यावर पहिली दुपार. पेट्या अजून अर्ध्या बांधलेल्याच होत्या. धोटा खिडकीत ठेवला होता. त्याच्या पितळी टोकावर उन्हाचा एक ठिपका बसला होता. चटई एकच सोडलेली होती. कुणी आधी लवंडायचं यावरून दोघींची जुनी, चांगली, खणखणीत हुज्जत झाली. आक्का जिंकली, म्हणजे खुर्चीत बसली.

चारुशीला डाव्या कुशीवर वळली. भिंतीकडं तोंड होतं, म्हणून बोलता आलं.

"आक्का, त्या दिवशी माझा डोळा लागला होता. धोटा उडाला तेव्हा."

"ठाऊक हाय की."

"कसं?"

"घोरत हुतीस. मी चटईवर जागाच हुतो. ऐकत हुतो."

चारुशीला उठून बसली. "मग मला उठवलं का नाही?"

"म्हटलं झोपंना बिचारी. भाऊ गेल्यापासनं पैल्यांदा घोरलीस. आवाज बदलला तवा उठायचं म्हणत हुतो, तर तंवर आला की कपाळावर." आक्कानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आन माझं काय सांगू तुला. स्टुलावर बसून मी किती येळा झोपलो असंन. निम्मं कापड आपलं देवानं काढलंय. पड आता."

"तुम्ही झोपायचात? पाळीवर?"

"पड म्हटलं न्हवं? झोप तू. मी ऐकतो."

चारुशीला आडवी झाली. तिला हसू येत होतं. अडकित्ता वाजला, एकदा, दोनदा. झाडं सळसळली. लांबून बिगुल वाजला आणि तिच्या पायाखाली पायऱ्या आल्या. या वेळी शाळेत हजेरी चालू होती, आणि तिच्या पाळीला तिच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी 'हजर' म्हटलं.

जाग आली, तेव्हा ऊन धोट्यावरून भिंतीवर सरकलं होतं. अडकित्ता वाजत नव्हता. तिनं कूस वळून बघितलं. आक्का खुर्चीत झोपली होती, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, अडकित्ता मांडीवर. कधीपासून, कोण जाणे. राखण कुणाचीच नव्हती, आणि दोघी मजेत झोपल्या होत्या.

चारुशीलानं आवाज न करता उठून आक्काच्या मानेखाली उशी सारली. मग दाराच्या उंबऱ्यावर बसली. गल्ली अजून झोपलेली होती. समोरच्या पायरीवर ती जाडसर बाई आज शेंगा सोलत होती. तिनं नुसती मान हलवली. चारुशीलानंही हलवली.

आत खुर्ची करकरली. आक्का अर्धवट डोळे उघडून अंधुक विचारत होती, "हायस न्हवं?"

"आहे," चारुशीला म्हणाली. "झोपा तुम्ही. मी ऐकते."